आधी तो लोडच होता

तीर्थरूप काका,

तुम्हाला आणि काकूंना इथूनच वाकून नमस्कार. (खरंच वाकले होते, पण पाठ मध्येच अडली, तेव्हा उरलेला अर्धा नमस्कार बसून केला आहे असं समजा.) तुमची तब्येत कशी आहे? काकूंचा गुडघा काय म्हणतो? आईची साखर वर-खाली होते, आवाज मात्र एकाच पट्टीत आहे. आम्ही सगळे मजेत आहोत. मजेत असलेल्या घरातून एवढं जाड पाकीट येत नाही, हे तुम्ही हातात घेताच ओळखलं असेल, म्हणून सरळच सांगते. कारखाना बंद झाला. बाहेरच्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला घरातून कळावं असं वाटलं. शिवाय तुम्हाला आपल्या कंपनीचा फक्त सुरुवातीचा इतिहास माहीत आहे. पुढचा तुमच्या माघारी घडला, आणि तो ऐकून घेण्याची जबाबदारी तुम्हाला अशी सहजासहजी टाळता येणार नाही.

सुरुवातीचं तुम्हाला काय सांगायचं? बाबा सोफ्यांची कव्हरं शिवायचे आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली टाके घालायचात. एका गिऱ्हाइकाचा लोड शिवताना बाबांनी कापड चुकीचं कापलं आणि लोडाच्या एका टोकाला दोन कोपरे वर राहिले. बाबा ते उसवायला निघाले होते. तुम्ही गंमत म्हणून त्याच टोकाला कोटाची दोन बटणं लावलीत. तेवढ्यात गिऱ्हाईक आपल्या मुलीला घेऊन लोड न्यायला आलं, आणि त्या पोरीने लोडाचा वर राहिलेला कोपरा जो धरला तो दाराबाहेर पडेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीची आई ‘तसलाच लोड’ मागायला आली. झाली कंपनी! हे सगळं आईने मला इतक्यांदा सांगितलं आहे, की बटणांचा रंगसुद्धा मला पाठ आहे.

पण बाबांचा इतिहास वेगळा. तुम्ही असतानाच ती मासिकवाली बाई मुलाखत घ्यायला आली होती, आठवतं का? (मी विचारतेय हाच वेडेपणा. तुम्हाला नाही आठवणार तर कुणाला?) त्या मुलाखतीत बाबा म्हणाले, की एका दुपारी मी खिडकीपाशी विचार करत बसलो होतो आणि एकाएकी माझ्या मनात एक प्राणी आला. आईचं म्हणणं असं, की त्या खिडकीपाशी मशीन होतं, तिथे बसायला जागाच नव्हती, विचार तर लांबच राहिला. मासिकात फोटोही छापून आला. त्यात बाबा, बाबांचं हसू, एक अस्वल आणि ते अस्वल धरलेला एक हात. बाकीचे तुम्ही कडेला कापले गेला होतात. त्या फोटोची चौकट करून बाबांनी ती ऑफिसात लावली. येणारा-जाणारा विचारायचा, हा हात कुणाचा? बाबा म्हणायचे, घरचाच आहे.

त्याच आठवड्यात तुमचं भांडण झालं. आजवर सगळ्यांना सांगत आलो ते कारण म्हणजे अस्वलाचे डोळे. तुम्ही म्हणायचात डोळे खाली, नाकाजवळ हवेत, म्हणजे तोंड तान्ह्या पोरासारखं दिसतं. बाबा म्हणायचे डोळे वर, कपाळाजवळ हवेत, म्हणजे प्राणी हुशार दिसतो. बोटभर अंतरावरून दोन भावांनी कारखाना डोक्यावर घेतला. मी तेव्हा शाळेतून येऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसले होते. बाबा म्हणाले, “एवढं कळतं तर तुझं तू काढ वेगळं.” तुम्ही हातातली सुई उशीत टोचलीत, चष्मा पुसलात आणि गेलात. बाबांनी चहा दोघांचा सांगितला होता. तो निवेपर्यंत त्यांना वाटत होतं, तुम्ही कोपऱ्यावर जाऊन परत याल.

आता तुमच्या माघारचा इतिहास. प्राण्यांची तोंडं करायला माणूस उरला नाही. बाबांनी दुसरा कुणी ठेवला नाही, स्वतःच बसले. काका, तुम्हाला बाबांचं तोंड माहीत आहे. त्यांना दुसरं तोंड येतच नव्हतं. महिन्याभरात आमचे झाडून सगळे प्राणी बाबांसारखे दिसायला लागले. ससा असा बघायचा, की जणू आपण त्याच्या तासाला उशिरा आलो आहोत. हत्ती थकलेलं भाडं मागायला आल्यासारखा. बदकाच्या चेहऱ्यावर तर इतकी निराशा, की त्याला पाण्यात सोडायची भीती वाटावी. दुकानदारांच्या तक्रारी यायला लागल्या. मुलं झोपताना अस्वलाचं तोंड भिंतीकडे करतात म्हणे. एका आईने मात्र खास आभार मानले, अस्वल टेबलावर ठेवल्यापासून मुलगा अभ्यास करतो म्हणून. बाबांनी ते कौतुक समजून सगळ्यांना ऐकवलं.

मग हत्तींचं प्रकरण झालं. गोदामाचं छप्पर गळलं आणि रवाना व्हायला तयार असलेले हत्ती रातोरात पाणी पिऊन दुप्पट झाले. ते गच्चीवर वाळत घालायचं ठरलं. सोंडेने टांगावं तर टाके उसवत होते, म्हणून मुख्य शिवणवाल्या मावशींनी ते कानांना चिमटे लावून टांगले. सगळी गच्ची भरून कानाला धरलेले हत्ती, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर बाबांचा संताप! समोरच्या इमारतीतल्या बाई तक्रार घेऊन आल्या, की त्यांच्या सासऱ्यांना खिडकीत बसणं अशक्य झालं आहे, कारण त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हत्ती वाळले, पण कान इतके लांबले, की पुढे ते ससे म्हणून विकायला काढावे लागले. (सोंडवाले ससे कोण घेणार, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं, आणि ते खरं ठरलं.)

त्याहून वाईट म्हणजे बोलणारं अस्वल. त्या काळात सगळ्यांची खेळणी बोलायला लागली होती, तेव्हा आपलंही बोललं पाहिजे असं बाबांनी ठरवलं. पोट दाबलं की ते ‘झोप आता’ म्हणणार. हे गोड आवाजात म्हणायचं असतं असं आई म्हणाली, मी म्हणाले, मावशी म्हणाल्या. बाबांनी स्वतःचा आवाज भरला. पहिली खेप ट्रकमध्ये इतकी दाबून भरली, की रस्त्यात खड्डा आला की सगळी अस्वलं एका सुरात ‘झोप आता’ म्हणायची. ड्रायव्हरने अर्ध्या वाटेत ट्रक कडेला लावला आणि फोन करून सांगितलं, की गाडी चालवणाऱ्या माणसाला असलं ऐकवत नाहीत. पुढे जायला तो तयार होईना, मागे यायलाही होईना. शेवटी मावशी आणि मी बसने तिथे गेलो आणि भर दुपारी रस्त्याच्या कडेला बसून एकेकाच्या पोटातला आवाज काढला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. मला हसू येत होतं. मावशी मात्र टाका उसवता उसवता म्हणाल्या, की धाकटे साहेब असते तर या अस्वलांनी झोपा म्हटलं असतं आणि पोरं खरंच झोपली असती. मग मलाही हसता आलं नाही.

काका, मी किती वेळा बाबांना म्हटलं, की काकांना बोलवा. ते एवढंच म्हणायचे, त्याला यायचं असेल तर दार उघडं आहे. (दार उघडंच असायचं, कारण कडी मोडली होती.) पाटीवरचं ‘बंधू’ मात्र त्यांनी कधी पुसलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, रंगारी वेळेवर येत नाहीत. आई एकदा वैतागून म्हणाली, दोघंही तोंड शिवून बसलेत आणि टाके इतके पक्के घातलेत, की मला उसवता येत नाहीत.

आणि हे तर तुम्हाला ठाऊकच नसेल. एका वर्षी बाबा कापड बघायला जातो म्हणून तुमच्या गावाला आले होते. रिकाम्या हाताने परतले आणि म्हणाले, दुकान बंद होतं. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांनी आईला खरं सांगितलं. तुमचं चष्म्याचं दुकान उघडं होतं. तुम्ही कुठल्याशा म्हातारीला चष्मा घालून आरसा दाखवत होतात आणि दोघंही हसत होतात. बाबा रस्त्याच्या पलीकडून बघत उभे राहिले. “त्याचं छान चाललंय,” ते आईला म्हणाले, “मी कशाला मध्ये जाऊ?” तुम्ही त्या वेळी नुसती मान वर केली असतीत तर! पण तुम्हाला तरी काय माहीत.

बाकी मग जे सगळ्यांचं होतं तेच झालं. यंत्रावर बनलेली स्वस्त खेळणी आली. त्यांची तोंडं हसरी होती, सगळी सारखी हसरी. दुकानदारांनी आधी आमची मागच्या फळीवर टाकली, मग बाहेरच काढली. मशीन एकेक करून गेली. शेवटी मावशी, मी आणि बाबा असे तिघेच उरलो, आणि एका सकाळी बाबाच म्हणाले, की आता पुरे.

शेवटच्या दिवशी जुने कामगार भेटायला आले. कुणीतरी म्हणालं, साहेब, कंपनी कशी सुरू झाली ते सांगा एकदा. सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. खिडकी, दुपार, मनात आलेला प्राणी. मी चहा ओतत होते, माझं लक्षही नव्हतं. बाबा उठले, टेबलाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, “मी लोड शिवत होतो. कापड चुकलं होतं. डोळे माझ्या भावाने लावले. तोपर्यंत तो लोडच होता.”

एवढंच. बसले, आणि चहा मागितला. मावशी पदराने मशीन पुसायला लागल्या. ते मशीन आदल्या दिवशीच विकलं गेलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि थोडा रागही होता. मला वाटतं तो राग या गोष्टीचा होता, की हे वाक्य बोलायला एवढासा वेळ लागला आणि त्यासाठी अख्खा कारखाना बंद व्हावा लागला. मलाही राहून राहून तेच वाटतं. तुम्ही तिथे असायला हवं होतं, काका. ते वाक्य तुमचं होतं आणि ऐकलं आम्ही.

असो. फार लिहिलं. काकूंना सांभाळा, स्वतःलाही. चूकभूल पोटात घाला. मऊ पोटांची या घराला कधी कमतरता नव्हती.

तुमची पुतणी
(जिने लहानपणी सशाचा डोळा गिळला होता ती)

ता. क. : बाबा घरी नाहीत. आज सकाळच्या गाडीने तुमच्याकडे यायला निघाले आहेत. वाटेत जुन्या कापडवाल्याकडे दोन-चार दिवस मुक्काम करणार आहेत. म्हणतात ओळख जुनी आहे, पण मला वाटतं धीर गोळा करायला थांबतायत. म्हणजे हे पत्र त्यांच्या आधी पोचेल. मी लिहिलं आहे हे त्यांना माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही असंच दाखवा.

आणखी एक ता. क. : दुकानात आल्यावर ते म्हणतील, की डोळे तपासून घ्यायला आलोय. मागच्याच महिन्यात इथे तपासले आहेत, ठणठणीत आहेत. तरी तपासा. सावकाश तपासा.

शेवटचं ता. क. : त्यांच्या डाव्या कानाला आता अजिबात ऐकू येत नाही आणि ते हे कुणाला सांगत नाहीत. त्या बाजूने कुणी बोललं तर त्यांना वाटतं, आपल्याशी कुणी बोलतच नाही, आणि ते उठून चालायला लागतात. म्हणून काका, काही बोलणार असाल तर त्यांच्या उजवीकडे बसा.