फादर ओगरिन यांच्या सात कविता

मी, प्रमोदिनी रविकांत साठ्ये, वय एकाहत्तर, निवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार एनिस, काउंटी क्लेअर, आयर्लंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. संतापलेली आहे, पण संतापाने बुद्धी बिघडलेली नाही, असे डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलगी क्षितिजा हिला. बँकेतील ठेवी मुलगा हृषीकेश याला. कागदाचा एक कपटाही त्याला देऊ नये.

२. फादर ब्लाझ ओगरिन मूळचे स्लोव्हेनियाचे, डोंगरातल्या खेड्यातले. एकवीस वर्षे ते इथल्या आजाऱ्यांच्या उशाशी बसले आणि आपल्या भाषेत कविता लिहीत राहिले. माझा नवरा रविकांत याच्या आजारपणात ओळख झाली. पुढे दर गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात ते एकेक ओळ इंग्रजीत समजावत आणि मी ती मराठीत उतरवत असे. माझी साबुदाण्याची खिचडी त्यांना खळीसारखी लागे. तरी ताटली पुसून खात.

३. शेवटच्या सात कविता एका वृद्धाश्रमावर होत्या. दिवसच्या दिवस न बदललेल्या चादरी, पाठीला पडलेल्या जखमा, आणि फादरांनी तक्रार केल्यावर चर्चच्या वरिष्ठांनी दिलेला गप्प बसण्याचा सल्ला. फादर गेल्यावर त्यांची वही माझ्याकडे आली. हृषीकेशने ती मला न विचारता, फादरांची स्मरणपुस्तिका काढणाऱ्या चर्चच्या समितीला दिली. पुस्तिकेत तळ्यांच्या कविता आल्या, मेंढ्यांच्या आल्या. ती सात पाने समितीने जाळली. जाब विचारला, तर मुलगा म्हणाला, “आई, पुस्तिका ग्रँड झालीय. घाण कशाला छापायची?”

घाण अंथरुणात होती तेव्हा यांतल्या कोणालाच वास आला नाही. त्या गुळगुळीत पुस्तिकेची मला शिसारी येते. माझ्या अंत्यविधीला ती कोणी आणू नये.

४. त्या सात कविता आता फक्त माझ्या मराठीत उरल्या आहेत. ते हस्तलिखित क्षितिजाला. तिने एकही शब्द न गाळता ते छापावे, आणि स्लोव्हेनियनमध्ये उतरवून घेऊन फादरांच्या बहिणीला पाठवावे.

५. एक गाळणे माझेही आहे. रविकांतचा शेवटचा महिना त्याच आश्रमात गेला; सातवी कविता त्याच्यावरची. तिच्यातल्या चार ओळी मी उतरवायला नकार दिला. फादर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तेवढी जागा कोरी ठेवा.”

तिथे हे छापावे:

दाराशी त्याची बायको उभी आहे,
नाकाशी रुमाल धरून.
तो तिचं नाव घेतो.
ती आत येत नाही.

हे खरे आहे.

सही: प्रमोदिनी रविकांत साठ्ये
एनिस, १४ मार्च २०२५

वरील सही आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत झाली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार: पूर्णिमा देवस्थळी, नोरीन हेही (शेजारी)