बेलपाड्याचे धवले

पनवेल. रविवार, मे १९९१

आम्ही दोघी बेलपाड्याहून आत्ताच परत आलो. आई न जेवताच आत जाऊन पडली आहे.

मावशीच्या मुलीचं लग्न होतं. त्या गावात लग्नाचे धवले कायम आईच गायची. माइक नाही, काही नाही, तरी अख्ख्या मांडवाला ऐकू जायचं. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला. तरी आज तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. का, ते मी विचारलं नाही.

मावशी मला म्हणाली, "तूच गा गो पोरी. तुजा गला आईचाच हाय." आणि मी मुंबईचा रॉक शो करून तशीच जीन्सवर मांडवात आलेली! आमचा ड्रमर नेहमी विचारतो, एवढा मोठा आवाज कुठे कमावलास? कुठे म्हणजे? असल्याच मांडवांत, आईच्या मांडीवर.

शब्द मला अर्धेच पाठ. आई समोर बसून नुसत्या ओठांनी एकेक ओळ सांगत गेली, मी गात गेले. बायका रडल्या. स्टेजवर मी असं कधीच गायले नाही. तरी डोळ्यांसमोरून एकच गोष्ट हलत नाही.

तो पदर. धवले संपले की गाणारीच्या पदरात मानाचा नारळ घालतात. मावशी नारळ घेऊन आली, तसा आईने सवयीने पदर पुढे केला. मावशी तिच्यासमोरून सरळ माझ्याकडे आली. मला पदर कुठला? नारळ हातातच दिला.

मी तो आईच्या पदरात टाकायला गेले. तिने मानेनेच नाही म्हटलं, आणि त्याच रिकाम्या पदराने माझ्या तोंडावरचा घाम पुसला.