चादरीमागून आलेले आवाज

बाबा, काल पात्रनिवडीत अकराव्या क्रमांकाला चादरीमागून माझ्याच मुलीचा आवाज आला आणि सोळा जणांत तोच उत्तम होता. आज दुपारी यादी लावायची आहे, म्हणून लिहायला बसले.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत आपल्या मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात भूमिका हुद्द्याप्रमाणे मिळत: सहसचिव राजा, अवर सचिव प्रधान आणि तुमच्यासारखे कारकून भालदार. एका वर्षी निवड माझ्याकडे आली, कारण एम.ए. होऊन घरात रिकामी बसलेली मीच होते. मी दोरीवर चादर टाकली आणि प्रत्येकाला तिच्यामागून चार ओळी वाचायला लावल्या. नाव सांगायचं नाही, फक्त क्रमांक. राजा निघाला कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहाचा ड्रायव्हर, आणि तुमचे साहेब भालदार.

अजून डोळ्यांपुढे आहे: तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. मी पोळ्या लाटते आहे.

"अगं, माझा वर्षाचा गोपनीय अहवाल, सीआर, साहेबच लिहितात. बढती अडकेल. बदल ती यादी."

"त्यांना राजा केलं तर नाटक पडेल."

"दरवर्षी पडतं. कोणाचं काय बिघडलंय?"

मी बदलली नाही. साहेबांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, "चलो, पाठांतर तरी वाचलं." प्रयोगात ते ड्रायव्हरपुढे असे वाकले की टाळ्या पडल्या. तुमचा सीआरही चांगलाच आला.

पुढे हिंदी नाटकवाल्यांनी पात्रनिवडीसाठी बोलावलं. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, कंपन्या नाटकांना पैसे देऊ लागल्या आणि बड्या लोकांच्या भाच्या-पुतण्यांसाठी शिफारशीच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. एकही मी उघडली नाही. कॉल सेंटरमधली मुलं, स्पर्धा परीक्षेसाठी लातूरहून आलेली एक मुलगी, बँकेतल्या एक बाई: यांना मी मुख्य भूमिकांत उभं केलं, आणि नाटकं चालली. आज दिल्लीत माझ्या यादीवर कोणी प्रश्न विचारत नाही. हे मी मिळवलंय, आणि त्याचा मला अभिमान आहे.

काल मयूर विहारच्या घरी चपला काढता काढता मुलगी म्हणाली, "आई, आवाज ओळखलास ना? मग गेला यार माझा रोल."

"का?"

"तू आहेस म्हणून."

तिला बोलले नाही ते तुम्हाला सांगते. त्या वर्षी सातव्या क्रमांकाला तुम्ही होतात. वाचण्याआधीचा खोकला मी ओळखला. ड्रायव्हर चांगला होता, तुम्ही त्याहून चांगले होतात. लोक बोलतील म्हणून मी तुमचा क्रमांक खोडला आणि इतकी वर्षं त्याला न्याय म्हणत आले. तुम्ही विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंत, कधी काही विचारलं नाहीत.

तुम्ही गेलात, हे पत्र आता कुठे पाठवणार? नोंद तेवढी करते. आज सकाळी दिलं: मुख्य भूमिकेची संहिता, एक प्रत, क्रमांक अकराला. पोच घेतली.