नेरळचा ठिपका

प्रिय नदीम,

तू घरातून गेल्याला आज अकरा दिवस झाले. तुझा दोस्त अकरम म्हणाला, खोपोलीला त्याच्याच खोलीवर राहतोस. माझा फोन तू उचलणार नाहीस, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देते आहे. फाडायचं तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच, एवढं आपाचं ऐक.

अब्बा तुझं नाव निघालं की ताटावरून उठतात. सहा वर्षांपूर्वी तलाक झाला तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, जो अम्मीला भेटेल त्याने या घरात पाय ठेवायचा नाही. तू बारावीत होतास. तू मान डोलावलीस, मीही डोलावली. मी मात्र ते पाळलं.

चौक गावच्या तुमच्या टेंपोचालक संघटनेत गाड्यांच्या वेळा जुळवायचं हे काम मी काढलं, तेव्हा कुणी तयार नव्हतं. गाडी कुठे आहे ते फोनवरून माझ्या कॉम्प्युटरला कळणार म्हटल्यावर मालोजीकाका म्हणाले होते, "आमी कुटं चा पितो ते बी बघनार का गं?" मी शब्द दिला. नाव नाही, नंबर नाही, फक्त वेळा. आणि जिथे पाचापेक्षा कमी गाड्या थांबतात ती जागा नकाशावर दिसणारच नाही, कारण आपल्याकडे थांब्यावरून माणूस ओळखतात. हा नियम मीच लिहिला. सगळ्यांत आधी फोन चालू केलास तो तू, मग बाकीच्यांनी. उपयोगही झाला. खालापूरची भाजी आता लोकल सुटायच्या आत कर्जत स्टेशनला पोचते. कारखान्यांकडून रिकामे परतणारे टेंपो माल घेऊन येतात. दहिवलीच्या पोरींची मिनीडोर रिक्षा वेळेत निघते, कॉलेजला जायची लोकल चुकत नाही.

मग संघटनेची ती सभा. भिंतीवर नकाशा लावलेला, पहिल्या रांगेत अब्बा. आणि नेरळला एका बिल्डिंगखाली, दर मंगळवारी दीड तास थांबणारा एकच ठिपका. संतोष हसत म्हणाला, "मंगळवारची नेरळची फेरी नदीमचीच हाय रं." ती बिल्डिंग अब्बांना ठाऊक होती. तलाकनंतरचे कागद अम्मीला त्याच पत्त्यावर गेले होते. ते तुझ्याकडे बघत राहिले आणि तू चावी उचलून निघून गेलास.

सगळे म्हणतात, लुबनाकडून नजरचूक झाली. मालोजीकाका तर घरी येऊन माझी समजूत घालून गेले. तरी निम्म्या चालकांनी फोन बंद केलेत. हे काम चालू ठेवायचं की नाही, ते सोमवारच्या बैठकीत ठरेल.

नदीम, नजरचूक नव्हती. कॉम्प्युटरने तो ठिपका नियमाप्रमाणे लपवला होता. लपवलेलं उघडायची मुभा फक्त मला, तीही बिघाड शोधण्यापुरती. मी तीन मंगळवार तो उघडून बघत बसले. मला फार राग आला. सहा वर्षं मी अम्मीचं तोंड पाहिलं नाही, आणि तू तिच्या हातचं जेवून येत होतास. एकदाही म्हणाला नाहीस, आपा, चल. सभेच्या सकाळी मी तो ठिपका माझ्या हाताने चालू केला आणि आजवर कधी न आलेल्या अब्बांना आग्रह करून पहिल्या रांगेत बसवलं. सोमवारी हे सगळ्यांसमोर सांगून काम सोडणार आहे. चालकांनी दुसऱ्या कुणावर भरवसा ठेवला तर बरं, नाही ठेवला तर दोष माझा. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं. अब्बांना आज सकाळी सांगितलं. माफी मागायला तोंड नाही. हे कुणी केलं असं अम्मीने विचारलं, नदीम, तर खरं ते सांग.

तुझीच,
लुबना आपा