कमी पगार असेल त्याने जावे

झर्का, शनिवार

आदरणीय अबू गाझी मामांना भाचा वस्फीचा सलाम. अल्लाहच्या कृपेने तुमचे गुडघे कुरकुरत नसतील, मामींचा रक्तदाब ताब्यात असेल आणि जैतुनाची झाडं यंदा तरी शेजाऱ्याच्या झाडांपेक्षा जास्त लगडली असतील. इकडे माझी तब्येत उत्तम आहे, एवढंच की परवापासून घास गिळवत नाही. मी हादरलोय, मामा. चांगल्या घरची माणसं भरदिवसा एका खासगी कंपनीत काय करू शकतात, ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

तुम्हाला माहीतच आहे की आमच्या तिळाच्या हलव्याच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांचं खातं मी सांभाळतो. तिथे मी एक नियम केला होता: कारखान्यातल्या दोघांचं एकमेकांशी जुळलं, तर ज्याचा पगार कमी असेल त्याने नोकरी सोडावी. नियमात बाई किंवा पुरुष असा शब्द कुठेही नाही. (आजवर तीनदा वेळ आली आणि तिन्ही वेळा मुलगीच गेली, हा निव्वळ योगायोग. आमच्या हिशेब खात्यातल्या रुदैनाबाई 'योगायोग' हा शब्द ऐकला की चष्मा काढून पुसत बसतात.)

तर प्रयोगशाळेतली निसरीन आणि गोदामातला मुहन्नद यांचं प्रकरण उघडकीला आलं. उघडकीला म्हणजे, जेवणाच्या सुट्टीत दोघं एकाच डब्यातून मकलूबा खाताना सापडले. मी निसरीनला बोलावून बापाच्या मायेने समजावलं, की पोरी, तू सोड. ती शांतपणे म्हणाली, "वस्फीसाहेब, माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे. नियमाप्रमाणे तो जाईल." मी रुदैनाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जवळजवळ दुप्पट." नियम करताना असलं काही माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण मागे हटलो नाही. मुहन्नदला काढायचं ठरवून गुरुवारी संचालकसाहेबांसमोर चौकशी ठेवली. बेकार पोराला निसरीनचा बाप मुलगी देणार नाही, हे मला ठाऊक होतं, पण त्यावर नियमात काही लिहिलेलं नाही.

गुरुवारी मुहन्नद एकटा आला नाही. पुढे त्याचे आजोबा अबू सुलतान, मागे काळे पायघोळ अबे घातलेले डझनभर वडीलधारे. मामा, त्या लोकांनी चौकशीला चक्क जाहा आणली, मुलीला मागणी घालायला वडीलधाऱ्यांचं मंडळ नेतात तशी. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवायचं सोडून वाट दाखवली. साहेब पडले कर्क गावच्या जुन्या घराण्यातले. दारात एवढ्या पांढऱ्या दाढ्या बघून ते उठून उभे राहिले आणि कॉफी मागवली. इथेच घात झाला. अबू सुलतानांनी पेला हातात घेतला आणि न पिता समोर ठेवला. मागोमाग बाकीच्यांचे पेले, सगळे माझ्या चौकशीच्या कागदांवर.

"आमचं एक मागणं आहे," म्हातारबा म्हणाले. "ते मान्य झालं की पिऊ."

मी म्हणालो, "काका, ही चौकशी आहे, सोयरीक नव्हे."

"बाळा, पोराच्या तोंडचा घास काढायचा तर निदान कॉफी थंड होईपर्यंत तरी विचार कराल की नाही?"

साहेबांना घाम फुटला. पाहुणे कॉफी न पिता उठले असते, तर कर्कमध्ये त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणाले, "काका, मागाल ते दिलं, प्या." त्यावर अबू सुलतान म्हणाले, "कोणीतरी जायलाच हवं असं तुमचा नियम म्हणतो. जाऊ दे. पण पगार कशाला बघता? ज्याच्यावाचून कारखान्याचं काही अडत नाही, तो जाऊ दे."

निसरीन नसली तर हलव्याची तपासणी अडते. मुहन्नद नसला तर माल गोदामातून हलत नाही. पगाराची वही घेऊन बसलेल्या रुदैनाबाईंनी चष्मा काढला. साहेब माझ्याकडे बघू लागले, मग सगळेच बघू लागले.

मग सर्वांनी पेले उचलले. आणि मामा, सांगायला लाज वाटते, सवयीने मीही प्यालो. कॉफी पोटात गेली की बोलणं मिटलं, हे लहानपणी तुम्हीच मला शिकवलंत. मामींना सलाम.

तुमचा,
वस्फी

ता. क. – अजलूनमध्ये तुमचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. दहा-बारा भारदस्त माणसं गोळा करून आमच्या साहेबांकडे जाहा घेऊन या आणि माझी नोकरी परत मागा. तोवर कॉफीला तोंड लावू नका.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवणार इतक्यात रुदैनाबाई बहिणीला घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, "आता तुम्ही कारखान्यात नाही. नियम तुम्हाला लागू नाही. मग अजून कशाची वाट बघताय?" मामा, मी दुसऱ्यांदा हादरलो. त्यांचा पगार माझ्यापेक्षा कमी. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनाच जावं लागलं असतं, म्हणून इतकी वर्षं गप्प होतो. त्यांना हे कळत होतं, हे मला कळत नव्हतं. तेव्हा माणसं तीच आणा, पण साहेबांकडे नको, रुदैनाबाईंच्या वडिलांकडे चला.

शेवटचं – बेकाराला मुलगी कोण देईल, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, बाबांना मी बघते. आणि लग्नानंतर दोघांपैकी नोकरी कोणी सोडायची, हा वाद तरी आपल्या घरात होणार नाही.