शेठचं बिऱ्हाड

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठकीस, अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक. मामीचा गुडघा कुरकुरतो, पण मामीपेक्षा कमी. पत्रास कारण शेठ. माप देताना मुलांनी स्वस्थ उभं राहावं म्हणून मी शिलाईच्या दुकानात अंगठ्याएवढा पाकू मासा आणून ठेवला होता, तो तुला आठवत असेल. मुलं त्याच्याकडे बघत राहायची आणि मी बाही मोजून घ्यायचो. आता तो हातभर झालाय. गिऱ्हाइकं आधी त्याला नमस्कार करतात, मग मला.

पोरी, त्याला टाकीत वळता येत नाही. पुढे जातो, काचेशी थांबतो आणि अरुंद गल्लीत अडकलेल्या ट्रकसारखा मागे मागे येतो. रोज सकाळी मी काचेवर टेप लावून त्याची लांबी घेतो. टेपचं टोक जिकडे जाईल तिकडे तो येतो, तेवढीच त्याची करमणूक. लहान मुलांचे कपडे शिवताना मी शिवणीत भरपूर माया सोडतो, टाकी घेताना ही अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. शेजारचा न्हावी म्हणतो, नदीत सोडा. मामीचा भाऊ म्हणतो, तळून खा. त्याला मी सध्या दुकानात येऊ देत नाही.

तू काम करतेस त्या मत्स्यालयातल्या मोठ्या काचेच्या तलावात त्याची सोय होईल का? नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, पण नाही म्हणू नकोस.

तुझा,
मामा

दि. ९ फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

शेठला खुशाल पाठवा. नदीचं नावही काढू नका. तो तिथला नव्हे, एक तर थंडीने मरेल, नाहीतर तिथल्यांचं सगळं फस्त करेल. आमच्या तलावाचं पाणी बारा महिने कोमट असतं, आणि लोकांच्या टाक्यांत न मावलेले असे बरेच पाहुणे मी सांभाळते.

त्याला जाळ्याने उचलू नका, पर अडकून फाटतात. त्याच्या मापाचं जाड, गुळगुळीत कापडाचं झोळणं शिवा. निघण्याआधी दोन दिवस खायला देऊ नका, नाहीतर वाटेत टबातलं पाणी नासेल. आणि एक स्पष्ट सांगते. इतकी वर्षं कोंडलेले काही मासे मोठ्या पाण्यात आले की खाणंच सोडतात. मी जिवापाड करीन, पण हमी देत नाही.

मामीला नमस्कार. कोरड्यावरच्या भाचीचीही कधी आठवण काढत जा.

ठकी

दि. २० फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

शेठला घेऊन मामी सुखरूप पोचली. तुमचं झोळणं पाहून इथले सगळे थक्क झाले. आतून एक टाका हाताला लागत नाही, दांड्या घालायला दोन्हीकडे नेफे. शेठचा एक खवला हलला नाही. आता आम्ही इथल्या सगळ्यांसाठी तसलंच मागणार.

टबातलं पाणी मात्र नासलंच होतं. लांबच्या प्रवासाला कुणी उपाशीपोटी निघतं का, असं म्हणून तुम्ही हळूच वाटाणे चारलेत, ही चुगली मामीने आल्या आल्या केली. शेठ कुशीवर पडला होता. मी पाण्यात उतरून त्याला ताज्या धारेसमोर धरून उभी राहिले आणि मामी गुडघा विसरून काठावर नळी धरून बसली. संध्याकाळी तो सरळ झाला.

पण मामा, तो खात नाही. आणि एवढ्या तलावात तुमच्या टाकीएवढंच पोहतो. थोडा पुढे जातो, जिथे काचच नाही तिथे थांबतो आणि मागे येतो. पाहवत नाही. असंच चाललं तर तो फार दिवस काढणार नाही. तुम्ही त्याला माझ्याहून जास्त ओळखता, काही सुचलं तर कळवा.

ठकी

दि. २५ फेब्रुवारी

चि. ठकीस, अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून घास उतरला नाही. परत आल्यापासून मामी वाटाण्यांवरून रोज ऐकवते, मी ऐकून घेतो. पण तुझ्याविषयी बोलताना ती थकत नाही. कमरेएवढ्या पाण्यात पोरगी दिवसभर उभी होती, म्हणते, दोन्ही हातांवर त्याला असं तोललेलं जसं काही पोटचं पोर. तुझे फ्रॉक मी शिवलेत, तेव्हा तू न्हाणीघरातल्या बादलीलाही घाबरायचीस. अभिमानाने ऊर भरून आला, ते लिहायला लाज कसली.

सोबत माझी पिवळी टेप पाठवतो. तलावाच्या काचेवरून हळूहळू ओढ, आणि तो जिथे थांबतो तिथे तू थांबू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. ठकी, हे रोज रिकामी टाकी पुसत बसतात. लवकर काहीतरी कळव, म्हणजे माझी सुटका होईल. – मामी

दि. ११ मार्च

ती. मामांस, सा. न. वि. वि.

टेप मिळाली. बरेच दिवस तो आपल्या हद्दीपर्यंत यायचा आणि थांबायचा. मी पुढे जाऊन परत यायची. परवा मात्र मी ओढत राहिले आणि तो थांबायचंच विसरला. पार कोपऱ्यापर्यंत आला. तिथे मागे सरकला नाही, अंग वाकवून सबंध वळला. एवढा रुंद, एवढा चकचकीत की बघायला आलेली माणसं काचेला येऊन चिकटली. मी रडले, हे मामीला सांगितलंत तरी चालेल. मग त्याने काकडी खाल्ली, स्वतःची आणि शेजाऱ्याचीही.

आज पुन्हा टेप दाखवली, तर ढुंकूनही पाहिलं नाही. टेप परत पाठवू का?

ठकी

दि. १६ मार्च

चि. ठकीस, अ. उ. आ. वि. वि.

टेप राहू दे तिथेच, पुढच्या पाहुण्याला लागेल. ‘ढुंकूनही पाहिलं नाही’ हे मी मामीला वाचून दाखवलं, मग न्हाव्याला, मग माप द्यायला आलेल्या एका गृहस्थांना. त्यांना काही कळलं नाही, पण हसले बिचारे.

टाकीत आता दोऱ्याची रिळं ठेवलीत. मुलं माप देताना फार हलतात. हलू देत. मी दोनदा मोजतो.

तुझा,
मामा