दहापैकी किती

२ सप्टेंबर, संतपूर

पोचले एकदाची. बिदर ते संतपूर दीड तासाचा रस्ता, पण आमच्या बसला वाटेत प्रत्येक ओळखीच्या माणसाशी बोलायचं होतं, त्यामुळे अडीच तास लागले. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मधूनमधून तुरीचे पट्टे. बिदरमधल्या मैलूरच्या आमच्या गल्लीत वाढलेल्या मुलीनं एवढं हिरवं एकदम पाहिलं की डोळे दिपतात.

पहिली नोकरी. ‘उभारी’ या आमच्या संस्थेनं इथे दोन खोल्या घेऊन केंद्र काढलंय आणि मी तिथली समुपदेशक. लोकांच्या मनावरचं ओझं ऐकायचं आणि ते हलकं कसं करावं ते सांगायचं, हे काम. आई म्हणाली, स्नेहल, तुझंच तोंड मिटत नाही, तू दुसऱ्याचं काय ऐकणार.

राहायला बाणूबाईंच्या घरामागची खोली. बाई पन्नाशीच्या, मेंढपाळ घरातल्या. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, मुलगा गुंडाप्पा मेंढरं सांभाळतो. अंगणापलीकडेच मेंढरं कोंडायचं वाडगं आहे, त्यामुळे वास आहे आणि माश्या तर विचारूच नका. माझ्या जुन्या सर्दीला हे मानवायचं नाही. पण घर लख्ख. बाई नाकावर माशी बसू न देणारी. त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, त्यांना कळायचं ते कळलं, आणि स्वतःच्या कपाच्या जोडीतला दुसरा कप त्यांनी माझ्या हातात दिला. माझा दिवस सोन्याचा झाला.

पप्पांना लगेच फोन केला. ते निवृत्त मास्तर, धडा दिल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. आजोबांची गावानं किळस केली, म्हणून आपण कुणाच्या घराची, कुणाच्या अंगाची किळस करायची नाही, नाक मुरडायचं नाही. आमच्या घरात पंचशीलानंतरचं हे सहावं शील.

५ सप्टेंबर

पहिली बैठक. अकरा बायका आल्या, त्यातल्या चार फक्त पंख्यासाठी.

मी विचारलं, पोरगी औरादच्या कॉलेजातून यायला तासभर उशीर झाला तर काय होतं? छातीत धडधडतं, म्हणाल्या. आणि ती दारात दिसली की? जातं. मग मी सांगितलं, ही साधी धास्ती. तिला कारण असतं. ती येते, आपल्याला सावध करते आणि कारण गेलं की जाते. ती आपली मैत्रीणच, तिच्यामुळेच आपण विहिरीच्या काठावर जपून पाय टाकतो. पण पोरगी आली, जेवली, झोपली, आणि आईची छाती तरी धडधडतेच आहे. उद्याचं, परवाचं, नसलेलं सगळं दिसतंय. महिनेच्या महिने झोप नाही, अन्न गोड लागत नाही, तर ती चिंता. तिला इलाज लागतो.

वहीत तीन रकाने आखायला शिकवलं. कशाची भीती, कारण काय, दहापैकी किती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसता आकडा काढायचा. मागच्या भिंतीला टेकलेली एक म्हातारी म्हणाली, मन चिंती ते वैरी न चिंती, हे आमाला आधीच ठावं हाय, त्याला वही कामून? सगळ्या हसल्या. मीही हसले.

९ सप्टेंबर

बाणूमावशी आज केंद्रात आल्या. घरात बोलता आलं असतं, पण त्यांना रीतसर यायचं होतं. म्हणाल्या, नाकात कायतरी वळवळायलंय, आन्‌ अंगाला वास यायलाय माज्या. औरादच्या डॉक्टरांनी दोनदा बॅटरी लावून पाहिलं आणि थेंब दिले. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा ते हसले आणि म्हणाले, आता मनाच्या मॅडमला दाखवा.

दिवसातून दहा वेळा तोंड धुतात, पदर हुंगून बघतात, गुंडाप्पाला म्हणतात, बग रे, दिसायलंय का काई. मला वाटलं, पुस्तकातलं पानच समोर येऊन बसलंय. नवरा गेल्याचं दुःख, रिकामं घर, कारण नसलेली भीती आणि पुन्हापुन्हा खात्री करून घेणं. खात्री मागितली की घडीभर बरं वाटतं आणि चिंता आणखी माजते, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. म्हणून मी सांगितलं, आजपासून कुणाला दाखवायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. वळवळ वाटली की गप बसून राहायचं आणि आकडा लिहायचा.

उठताना त्यांनी एकच विचारलं. मॅडम, खरं सांगा, वास येतो का माजा?

येत होता. गोडसर, कुजक्या मांसासारखा, आणि त्या बोलल्या की जास्त. मला पप्पा आठवले. वाडग्याचा असेल, असं मनाला सांगितलं आणि म्हणाले, नाही हो मावशी, अजिबात नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांचे डोळे भरून आले.

१४ सप्टेंबर

मावशींचा आकडा नवावरून सातावर आणि आज पाचावर. विचारणं बंद, तोंड धुणं बंद. संस्थेतून फोन आला, एकोणीस तारखेला बिदरच्या बैठकीत ही केस मांडा. पहिल्याच महिन्यात. माझी मान ताठ झालीय, हे कबूल करते.

दुपारी त्यांनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगाची चटणी. त्या बोलत होत्या आणि त्यांच्या वरच्या ओठावर माशी बसली. मग दुसरी. त्यांनी हाकलल्या नाहीत. एक माशी नाकपुडीच्या कडेनं चालत आत गेली. मी ती बाहेर यायची वाट बघत राहिले. मावशींनी हातानं नाक पुसलं, पाणी लालसर होतं, आणि त्याच हातानं भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली.

मी ती भाकरी खाल्ली. सगळी. मग न्हाणीत जाऊन ओकले. घशाशी तोच गोड वास आला. ओकारीपेक्षा जास्त किळस मला माझी आली. आजोबांची नात आणि माणसाच्या हातच्या भाकरीवर ओकते. चूळ भरून परत गेले आणि मावशींना म्हणाले, वरण झकास झालंय.

१७ सप्टेंबर

सकाळी गुंडाप्पानं वाडग्यात एक मेंढी गुडघ्यांत आवळून धरली होती. तिच्या नाकात तंबाखूचं पाणी सोडलं. ती शिंकली आणि मातीत अळ्या पडल्या. जाड, पिवळट, शेंबडात लडबडलेल्या. त्यानं त्या चपलेनं रगडल्या, फुटल्याचा आवाज आला. म्हणाला, ह्या दिसांत माश्या नाकात अळ्या घालतेत. माय बी तशीच शिंकायलीय. म्या म्हणलं बिदरला जाऊ, तर म्हणती, मॅडमनं कुणाला दाखवायचं न्हाई म्हणलंय. तुमी सांगा की अक्का तिला.

मला वाटली ती साधी, सरळ धास्ती, कारणासकट. आणि मी तिच्याशीच वाद घालत बसले. मेंढरांचं दुखणं मेंढरांना. डॉक्टरांनी दोनदा पाहिलंय. आता मीच दाखवा म्हटलं, तर आठ दिवसांची मेहनत पाण्यात. आणि खरं तेही लिहायला हवं. परवा बैठक आहे.

बैठक झाली की सांगते.

१९ सप्टेंबर, बिदर

केस मांडली. टाळ्या झाल्या. मोठ्या मॅडम म्हणाल्या, असं काम हवं.

घरी आईनं विचारलं, नाक सारखं का चोळायलीस. सर्दी, म्हटलं. बसमध्ये सुरू झालंय. डाव्या बाजूला, आत, वर, केस फिरवल्यासारखं. दहापैकी दोन.

२१ सप्टेंबर, संतपूर

मावशी बाजेवर होत्या. तोंड सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या. खोलीत पाय टाकला आणि वास अंगावर आला. तो जिभेवर बसतो, थुंकला तरी जात नाही. उशीवर ओले, तपकिरी डाग. गुंडाप्पा रानात होता.

मला पाहून त्यांनी वही पुढे केली. पानावर वाकडंतिकडं शून्य काढलं होतं. म्हणाल्या, बगा मॅडम, आता काईच वाटत न्हाई. म्या कुणालाच इचारलं न्हाई. त्यांना शाबासकी हवी होती. आणि बोलताबोलता त्यांच्या नाकातून एक पांढरं टोक बाहेर आलं, इकडेतिकडे हललं आणि परत आत गेलं.

मी पळाले. गुंडाप्पाला बोलावून आणलं. त्यानं टेम्पोत घालून बिदरला नेलं. मी मागं राहून ती उशी जाळली. जळताना ती आतून तडतडत होती. त्यात काय होतं ते लिहिणार नाही.

माझा आकडा चार.

२४ सप्टेंबर

गुंडाप्पाचा फोन. डॉक्टरांनी ऐंशीच्या वर काढल्या, मग मोजणं सोडलं. टाळूला भोक पडलं होतं. विष रक्तात गेलं. मावशी आज सकाळी गेल्या.

मला एक वाकडा शब्द बोलला नाही. एवढंच विचारलं, अक्का, मायनं शून्य लिवलं व्हतं, म्हंजी तिला दुखलं नसंल न्हवं?

मी म्हटलं, नाही, दुखलं नसेल. हे माझं दुसरं खोटं. त्या दिवशी एकदा नाक मुरडलं असतं, तर बाई आज भाकरी थापत बसली असती. मी मारलं त्यांना. चांगुलपणानं मारलं. मला माझी शिसारी येते.

२६ सप्टेंबर

औरादला जाऊन नाक दाखवलं. काही नाही. थेंब दिले.

अपराधाचं ओझं असंच अंगावर फुटतं. मीच शिकवते हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. आकडा सहा. कारणाचा रकाना रिकामा.

२८ सप्टेंबर

परत दाखवलं. काही नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही त्या घरात राहता, तसं वाटणारच. आणि हसले. मावशींना हसले तेच हसू. आता तिसऱ्यांदा कोणत्या तोंडानं जाऊ.

आरशात बॅटरी लावून बघते. वीस वेळा. तीस. खात्री मागितली की माजते, ठाऊक आहे. पदर नाही तर ओढणी हुंगते. वास आहे. वाडग्याचा. की उशीचा, अजून हवेत — सात.

३० सप्टेंबर

बैठकीत पुढची रांग रिकामी. सगळ्या मागच्या भिंतीला. पदर नाकाशी. त्या म्हातारीनं मधेच उठून खिडकी उघडली.

सगळ्यांनाच सर्दी झाली असेल. चिंतेत माणसाला वाटतंच की सगळे आपल्याकडे —

माझ्या उशीला डाग नाहीत. आहेत. चहाचे असतील.

१ ऑक्टोबर

गुंडाप्पा परत आला. डोकं भादरलेलं. विचारायचं नव्हतं. विचारलंच. वास येतो का रे माझा, खरं सांग.

न्हाई अक्का, म्हणाला, काईच न्हाई.

भला माणूस आहे. बोलताना एक पाऊल मागं सरकला.

२ ऑक्टोबर

पप्पांना फोन. मी रडले. मन घट्ट कर, म्हणाले. मन —

जेवताना घशात मागून काहीतरी उतरलं. शीत असेल. भाताचं शीत. पण भात मऊ होता, आणि ते दातांखाली —

गिळलं की थुंकलं, आठवत नाही.

नऊ.

३ ऑक्टोबर, दुपार

शांतपणे बसले आहे. तीन रकाने आखले.

कशाची भीती — सगळं ठाऊक आहे.

कारण — रिकामं. रिकामं असलं की चिंता. मीच शिकव

शिंक आली.

पानावर पडलंय. मधल्या रकान्यात. पांढरं, टोकाला काळं. चालतंय.

म्हणजे चिंता नव्हती. साधी धास्ती. कारण असलेली. मी वेडी नाही. रडू येतंय, किती हलकं — तीनची बस आहे, बिदरला — आत्ता निघते — गुंडाप्पाला हाक —

आणखी एक. त्याच्या मागं अजून. ओळीनं

उठायचंय. पाय जड. वळवळ थांबली पण. दुखत नाही. वासही नाही. माशी ओठावर बसलीय, बसू दे

आता काहीच वाटत नाही मावशी

दहापैकी शू